घडी मोडल्याची किंमत

नारदस्मृतीत खरेदी-विक्रीच्या वादांचा एक भाग आहे. घेतलेला माल कधी परत करता येतो, कधी येत नाही, हे सांगता सांगता स्मृतिकार वापरलेल्या कपड्यांवर येतो आणि चक्क एक कोष्टक देतो. वस्त्र एकदा धुतले की त्याच्या मोलाचा आठवा हिस्सा गेला. दोनदा धुतले की चौथा, तीनदा धुतले की तिसरा, आणि चार वेळा धुतले की मोल निम्म्यावर आले.

आपल्याकडच्या मोटार विम्याच्या दरपत्रकातही असेच एक कोष्टक आहे. गाडी सहा महिन्यांच्या आतली असेल तर कंपनीच्या किमतीतून ५ टक्के वजा करायचे. सहा महिने ते एक वर्ष असेल तर १५. दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५०. एक कोष्टक धुण्यांनी मोजते, दुसरे महिन्यांनी. दोन्ही पायरीपायरीने निम्म्यापर्यंत येतात आणि दोघांचीही पहिली मोठी वजावट आठव्या-सातव्या हिश्श्याच्या आसपासची आहे. मधल्या दीड हजार वर्षांत या बाबतीत माणसाचा अंदाज फारसा हललेला दिसत नाही.

मराठीने तर हे नाते शब्दांतच बांधून ठेवले आहे. न धुतलेले कापड ते 'कोरे' कापड, आणि शोरूममधली गाडीही 'कोरी करकरीत'. नवे लुगडे पहिल्यांदा नेसणे म्हणजे त्याची 'घडी मोडणे'. घडी मोडलेले लुगडे झिजलेले नसते, फाटलेले नसते, रंगही तोच असतो. तरी ते दुकानात परत जात नाही. जेमतेम वर्षाची, पाच-सात हजार किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची मोटार ही नेमकी अशी घडी मोडलेली वस्तू आहे. तिची रास्त किंमत कशी ठरवावी, हा या लेखाचा विषय.

प्रश्न वरवर व्यवहारातला आहे. पण मी जसजसा त्याच्या मागे गेलो, तसतसे लक्षात आले की गेल्या शंभर वर्षांत या एका प्रश्नावर सरकारांनी हुकूम काढले, न्यायालयांनी निकाल दिले आणि एका अर्थशास्त्रज्ञाला त्यावरच्या लेखासाठी नोबेल मिळाले. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट ही की, घडी मोडलेल्या गाडीची किंमत कोऱ्या गाडीहून कमी असते हे आपण गृहीत धरतो, पण इतिहासात अनेकदा ती जास्त होती.

दलालाची यादी

जुन्या गाडीच्या भावाचे पुस्तक ही अमेरिकेची देणगी. लॉस एंजेलिसमध्ये लेस केली नावाचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. १९१८ मध्ये त्याने तीन फोर्ड मॉडेल टी गाड्यांवर धंदा सुरू केला. कोणती गाडी आपण किती रकमेला विकत घेऊ, याची यादी तो इतर विक्रेत्यांना आणि बँकांना वाटत असे. लोक त्या यादीवर इतके विसंबू लागले की १९२६ मध्ये त्याने तिचे पुस्तक केले. तेच आजचे प्रसिद्ध 'केली ब्लू बुक'. पुढे तटस्थ प्रमाण म्हणून मान्यता पावलेल्या या पुस्तकाचा उगम एका घेणाऱ्याच्या खरेदीभावात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भाव छापणारा प्रत्येक जण कोणत्या तरी बाजूला उभा असतोच.

त्या पुस्तकांची गरज का पडली? कारण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत नवी गाडी घेणाऱ्यांपैकी पुष्कळांजवळ आधीच एक गाडी होती. ती विक्रेत्याला द्यायची आणि वरची रक्कम भरायची, ही पद्धत रुळली. गिऱ्हाईक ओढण्यासाठी विक्रेते जुन्या गाडीला भलतीच किंमत देत आणि नव्यातला नफा त्यात घालवून बसत. महामंदीत १९३३ साली रूझवेल्ट सरकारने उद्योगांसाठी आचारसंहिता आणल्या. तेव्हा मोटार विक्रेत्यांच्या संहितेत जुन्या गाडीला अमुकपेक्षा जास्त द्यायचे नाही, असे बंधन आले आणि त्यासाठी विक्रेत्यांच्या संघटनेने भावांची अधिकृत पुस्तिका काढली. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या संहितांमागचा कायदाच रद्द केला. पुस्तिका मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धात नव्या खासगी मोटारींचे उत्पादन थांबले तेव्हा जुन्यांचे भाव चढले आणि १९४४ मध्ये सरकारला वापरलेल्या गाड्यांवरही कमाल किंमत बांधावी लागली.

या साऱ्यातून अमेरिकेत एक सवय रुजली: जुन्या गाडीचा भाव ही लिहून ठेवण्याची, छापण्याची, सगळ्यांनी पाहण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे ही सवय का रुजली नाही, याचे उत्तर पुढे येईल.

कोऱ्याहून महाग

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. कारखाने सुरू झाले, पण देशाला परकीय चलन हवे होते, म्हणून बहुतेक गाड्या निर्यातीला जात. देशातल्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. कारखानदारांची छापील किंमत मात्र आटोक्यात होती. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्याला आज गाडी मिळाली, तो उद्या ती छापील किमतीहून कितीतरी जास्त रकमेला विकू शकत होता.

ब्रिटिश मोटार ट्रेड असोसिएशनने यावर उपाय काढला. नवी गाडी घेणाऱ्याकडून करारपत्र लिहून घ्यायचे, की ठरावीक मुदतीपर्यंत मी ही गाडी विकणार नाही. करार मोडणाऱ्यांवर आणि मोडायला लावणाऱ्या दलालांवर खटले झाले. त्यांतला साल्वादोरी खटला (१९४९) कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. करारात बांधलेल्या खरेदीदारांना फितवून गाड्या बाहेर काढणाऱ्या व्यापाऱ्यांना तिथे न्यायालयाने जबाबदार धरले. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९५१ चा गिल्बर्ट खटला. करार मोडून गाडी विकणाऱ्याने भरपाई किती द्यायची, असा प्रश्न होता. नुकसान मोजायचे तर बाजारभाव हवा, आणि त्या गाडीला काळ्या बाजाराखेरीज दुसरा बाजारच नव्हता. न्यायालयाने तोच भाव धरला. रास्त भावाच्या रक्षणासाठी केलेल्या कराराची किंमत ठरवताना न्यायाधीशांना अखेर त्या 'अनुचित' भावाचाच आधार घ्यावा लागला.

पुढे गाड्या मुबलक झाल्या आणि करारपत्रांची गरज उरली नाही. पण त्याच युरोपात पूर्व जर्मनीमध्ये ही स्थिती थेट बर्लिनची भिंत पडेपर्यंत टिकली. ट्राबांट गाडीसाठी दहा-दहा वर्षांहून जास्त थांबावे लागे, आणि हाती असलेली वापरलेली ट्राबांट सरकारी किमतीच्या नव्या ट्राबांटहून महाग जाई. वस्तू तीच, थोडी झिजलेली. जास्तीचे पैसे होते ते रांगेत घालवाव्या न लागणाऱ्या वर्षांचे.

नंबर लागणे

आता आपल्याकडे येऊ. मराठीत 'नंबर लागणे' हा वाक्प्रचार ज्या पिढीने घडवला, तिला हे समजावून सांगावे लागत नाही. टेलिफोनचा नंबर लागे, गॅसचा लागे, स्कूटरचा लागे आणि मोटारीचाही लागे.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही अमेरिकी कंपन्या सुटे भाग आणून गाड्या जोडत असत. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की ज्यांचा देशात गाडी बनवण्याचा पक्का कार्यक्रम आहे त्यांनाच परवानगी. दोन्ही अमेरिकी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरले मुख्यतः तिघे: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड मोटर आणि आपल्या कुर्ल्याची, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. अॅम्बॅसेडर, स्टँडर्ड हेरल्ड आणि फियाट, जिची पुढे पद्मिनी झाली. गाड्या थोड्या आणि मागणारे फार.

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यात १८-जी हे कलम आहे. वस्तूंचे न्याय्य वाटप व्हावे आणि त्या रास्त भावात मिळाव्यात, यासाठी सरकारला हुकूम काढण्याचा अधिकार ते देते. त्याच अधिकारात १९५९ मध्ये मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला, पाठोपाठ स्कूटरचाही. नावनोंदणी क्रमाने, सरकारी कोटा वेगळा, आणि मिळालेली गाडी लगेच विकण्यावर निर्बंध. ब्रिटनमध्ये जे करारपत्राने केले गेले, ते इथे हुकमाने झाले.

'रास्त भाव' हे दोन शब्द मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर रेशनचे दुकान उभे करतात. धान्याच्या बाबतीत त्यामागचा विचार स्वच्छ होता: भुकेच्या वस्तूवर कोणी नफेखोरी करू नये. मोटारीच्या बाबतीत त्याच शब्दांनी भलतेच काम केले. १९६९ मध्ये सरकारने किमती आदेशाने बांधल्या, तेव्हा कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. चौकशी आयोग बसला आणि १९७१ च्या अखेरीस 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' हा निकाल आला. तो वाचताना जाणवते की सगळा वाद उत्पादनखर्चाचा आहे. पोलादाला किती, मजुरीला किती, भांडवलावर वाजवी परतावा किती. कारखान्याच्या दारापर्यंतचा रास्त भाव न्यायालयाने बारकाईने तपासला. दाराबाहेर त्या गाडीचे काय होते, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता.

दाराबाहेर काय होत होते, ते मुंबई-पुण्यात सगळ्यांना ठाऊक होते. नंबर लागलेल्याने गाडी उचलायची आणि ज्याला घाई आहे त्याला वर 'ऑन' घेऊन द्यायची. ऑन म्हणजे छापील किमतीच्या वरची रक्कम, रोख आणि बिनपावतीची. पुनर्विक्रीवर निर्बंध आहेत ना? मग गाडी नावावर तशीच ठेवायची, घेणाऱ्याला मुखत्यारपत्र करून द्यायचे, हस्तांतराच्या फॉर्मवर कोऱ्या तारखेच्या सह्या करून ठेवायच्या. स्कूटरची कथा याहून वेगळी नव्हती. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी दहा-दहा वर्षे थांबलेली घरे पुण्यातच होती. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती रांगेवाचून मिळे.

या व्यवहाराला सरसकट लबाडी म्हणणे मला पटत नाही. ज्या डॉक्टरला रात्री-अपरात्री खेड्यावर जायचे होते, त्याला गाडी आज हवी होती. त्याने मोजलेला ऑन हा खरोखर वेळेचा मोबदला होता. प्रश्न तो कोणाला मिळाला, हा आहे. तो कुर्ल्याच्या कामगाराला मिळाला नाही, कारखान्याला नवी यंत्रे आणायला मिळाला नाही आणि सरकारच्या तिजोरीतही गेला नाही. तो मिळाला नंबर लागलेल्याला आणि मधल्या माणसाला. करचुकवेगिरीचा अभ्यास करणाऱ्या वांच्छू समितीने १९७१ मध्येच काळ्या पैशाच्या कारणांत चढ्या करांबरोबर टंचाई, नियंत्रणे आणि परवाने यांचाही उल्लेख केला होता.

दुसरे नुकसान अधिक खोल आहे, असे मला वाटते. ज्या किमतीचा निम्मा-शिम्मा भाग लपवायचा असतो, ती किमत कुठे लिहिली जात नाही. कागदावरचा आकडा एक, हातात दिलेला दुसरा, आणि गाडी तिसऱ्याच्या नावावर. अशा व्यवहारांतून 'ब्लू बुक' जन्माला येत नाही. भावाचे ज्ञान दलालाच्या आणि मेकॅनिकच्या डोक्यात राहिले. 'माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो सांगेल' हे वाक्य आपल्याकडे गाडीच्या किमतीचे प्रमाण झाले, ते यामुळे. हस्तांतर अर्धवट ठेवण्याची सवयही त्याच काळातली, आणि तिचे चटके अजून बसतात. गाडी विकली पण नोंदणी आपल्याच नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात पुन्हा स्पष्ट करावे लागले.

दिल्लीत पोहोचलेले नकारपत्र

याच काळात जॉर्ज अकरलॉफ नावाचा तरुण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ दिल्लीत राहत होता. १९६७-६८ हे वर्ष त्याने इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काढले. येण्यापूर्वी बर्कलेमध्ये त्याने एक छोटा लेख लिहून एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला होता. त्याचे नकारपत्र त्याला भारतात मिळाले. आणखी दोन नियतकालिकांनी तो परत केला. १९७० मध्ये चौथ्या ठिकाणी तो छापून आला आणि २००१ मध्ये त्यातल्या विचारासाठी त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

लेखाचा विषय आपलाच आहे. नवी गाडी आणि नुकतीच शोरूमबाहेर पडलेली गाडी यांच्या किमतीत एवढे अंतर का? लोक म्हणतात, नवेपणाचा आनंद. अकरलॉफने दुसरे उत्तर दिले. काही गाड्या मुळातच खोट्या निघतात; अमेरिकी बोलीत त्यांना 'लेमन' म्हणतात, आपण डबडे म्हणू. कोरी गाडी घेताना ती कशी निघेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पण काही महिने वापरल्यावर मालकाला ते कळते, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून इतक्या लवकर विकायला काढलेली गाडी पाहिली की घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: याला ही नकोशी का झाली? तो संशयाचे पैसे कापून किंमत सांगतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, डबड्याचा मालक आनंदाने होतो. बाजारात डबडीच उरतात आणि संशय खरा ठरतो.

त्या लेखात भारत ठिकठिकाणी आहे. गावच्या सावकाराचा उल्लेख आहे, मॅनेजिंग एजन्सींचा आहे. आणि एक उदाहरण असे आहे की ते मराठी घरातल्या कोणालाही समजावे: बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगारूपाचे खडे गृहिणीला वेचून काढावे लागतात. तांदूळ निवडण्याचे ते श्रम म्हणजे अप्रामाणिकपणाने समाजावर लादलेला खर्च, असा त्याचा मुद्दा. ताटात तांदूळ पसरून बसलेली आपली आजी जागतिक अर्थशास्त्रात अशी जाऊन बसली.

विरोधाभास असा की ज्या देशात त्याला नकारपत्र मिळाले, तिथे त्या वर्षी त्याचे कोडे नेमके उलटे होते. इथे घडी मोडलेली गाडी कोरीहून महाग होती. म्हणून त्याचा विचार चुकीचा ठरत नाही. टंचाईच्या बाजारात नुकती मिळालेली गाडी विकणाऱ्याचे कारण सर्वांना उघड दिसते: त्याला ऑन हवा आहे. संशयाला जागाच उरत नाही. रांग संपते तेव्हा संशय सुरू होतो.

रांग कशी संपली

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाल्या. दहा हजार रुपये भरून नाव नोंदवणाऱ्यांची संख्या तोवर सव्वा लाखाच्या पुढे गेली होती. साहजिकच मारुतीवरही काही वर्षे ऑन चालला. पण या कारखान्याचे उत्पादन वाढत गेले, आणि १९९३ मध्ये मोटार उद्योग परवान्यातून मुक्त झाल्यावर एकामागून एक कंपन्या आल्या. रांग आटली. वर्षभराची गाडी आता कोरीहून स्वस्त झाली आणि अकरलॉफचा संशय मराठी घरांतही आला: 'एवढ्यात का विकतोय? ठोकलीय का? मीटर मागे फिरवलाय का?' २००१ मध्ये मारुतीनेच जुन्या गाड्या तपासून विकण्याचा धंदा सुरू केला. तिथे जे जास्तीचे पैसे पडतात, ते गाडीचे कमी आणि संशय दूर करण्याचे जास्त असतात.

रांग कायमची गेली असेही नाही. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्या थांबल्या तेव्हा अमेरिकेत वर्षभर वापरलेल्या काही गाड्या नव्यांपेक्षा महाग विकल्या गेल्या. पुस्तके, संकेतस्थळे, छापील भाव सगळे होते. रांग लागताच १९४६ पुन्हा अवतरले.

मग रास्त किती?

या इतिहासातून मला तीन प्रश्न मिळतात: ही गाडी आज नवी घ्यायची तर किती पैसे आणि किती दिवस लागतील? विकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्यातले मला किती कळू शकते? आणि मधल्या काळात कर बदलला का? विकणाऱ्याने तेव्हा किती मोजले, हा प्रश्न या यादीत नाही, आणि घासाघीस मात्र बहुधा त्यावरच चालते.

तिसऱ्या प्रश्नाचे उदाहरण २०२५ चे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा उपकर गेला. समजा, एकाने मार्चमध्ये ८ लाख रुपये शोरूम किमतीची लहान पेट्रोल गाडी घेतली. त्यात २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. म्हणजे मूळ किंमत सुमारे ६ लाख २० हजार. कंपनीने सगळी सवलत पुढे दिली तर तीच गाडी आज ७ लाख ३२ हजारांना मिळते. मालकाने हात लावला नसता तरी ६८ हजार गेले.

आता हिशेब करू. मालकाने महाराष्ट्रातला ११ टक्के रस्ताकर धरून ८ लाख ८८ हजार मोजले. सात महिन्यांनंतर तो म्हणतो, दहा टक्के सोडतो, आठ लाखांना द्या. त्याच्या दृष्टीने हे औदार्य आहे. पण आज कोरी गाडी रस्ताकरासह ८ लाख १२ हजारांच्या आसपास पडते. घडी मोडलेली गाडी केवळ बारा हजारांनी स्वस्त घ्यायला कोण येईल?

उलट बाजूने मोजू. आजच्या ७ लाख ३२ हजारांतून नारदाचा आठवा हिस्सा काढला तर ९१ हजार जातात; विम्याचे १५ टक्के काढले तर एक लाख दहा हजार. त्यात रस्ताकर मिळवायचा. तो एकरकमी भरलेला आहे, त्याच राज्यातल्या घेणाऱ्याला पुन्हा भरावा लागत नाही, म्हणून ती विकणाऱ्याची रास्त मागणी. आजच्या दराने तो ८० हजार, त्यातले सरलेल्या सात महिन्यांचे तीनेक हजार कमी. रक्कम सात लाख ते सात लाख वीस हजारांच्या दरम्यान येते. विम्याची उरलेली मुदत थोडी भर घालते. मात्र नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, घेणाऱ्याने तो धरू नये. गाडी डिसेंबरात घेतलेली असेल तर जानेवारी उजाडताच ती 'मागच्या सालची' होते, तेही ध्यानात घ्यावे. आणि त्या मॉडेलला आज सहा महिन्यांची रांग असेल, तर वरचा सगळा हिशेब विकणाऱ्याच्या बाजूने सरकतो. ते लुबाडणे नसते. १९५९ च्या आदेशाला जे दिसले नाही ते आपल्याला दिसायला हवे.

विम्याचे कोष्टकही आजच्या कंपनी-किमतीपासूनच सुरू होते, मालकाच्या पावतीपासून नाही. मालकाला हे अन्यायाचे वाटते, कारण त्याच्या लेखी गाडी म्हणजे त्याने भरलेले हप्ते. परंतु कर कमी झाल्याचा भार पुढच्या माणसाने का उचलावा? जुन्या गाडीचा गिऱ्हाईक बहुधा कोरी गाडी न परवडणारा, घरातली पहिली गाडी घेणारा असतो.

उरतो दुसरा प्रश्न, जाणण्याचा. इथे खरा अन्याय होतो आणि तो सज्जन विकणाऱ्यावर होतो. कोणाची बदली होते, कोणी परदेशी जाते, कोणाच्या घरातला कमावता माणूस जातो आणि हप्ते झेपेनासे होतात. त्याची गाडी निर्दोष असते, पण किंमत मिळते ती इतरांच्या लबाडीच्या सावलीत. सर्व्हिसची नोंद, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, कर्ज फिटल्याचा दाखला आणि वाहनाची सरकारी नोंद समोर ठेवली तर ती सावली आखूड होते. माझ्या मते आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त वजावट मागणाऱ्याने ती कोणत्या अज्ञानापोटी मागतो आहे ते सांगावे, आणि कमी वजावट देणाऱ्याने ते अज्ञान कागदाने दूर करावे. यापलीकडची घासाघीस ही केवळ गरजेची आणि ताकदीची.

याज्ञवल्क्यस्मृतीत माल पारखण्याच्या मुदती दिलेल्या आहेत. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने तिच्यावर लिहिलेली मिताक्षरा टीका महाराष्ट्रात शतकानुशतके प्रमाण मानली गेली. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. त्याच यादीत दासदासीही आहेत, तेव्हा त्या न्यायाचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. पण 'वाह्य', म्हणजे बैलासारखे ओझे वाहणारे जनावर, त्याच्या पारखीला तिथे पाच दिवस दिले आहेत. बैल एका फेरीत कळत नाही, हे त्या स्मृतिकाराला ठाऊक होते. आज आपण सात लाखांची गाडी गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून घेतो आणि १९३० चा माल-विक्री कायदा सर्वसाधारणपणे घेणाऱ्यालाच सांगतो, की नीट पाहून घे. भावाची कोष्टके आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. ते पाच दिवस मात्र कोणी परत आणलेले नाहीत.